स्मोकिंग रूम साफ कोण करते?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : हॉटेल व रेस्टॉरंटांतील धूम्रपान कक्षाची सवलत राज्य दुरुस्तीने रद्द करण्याबाबत

स. न. वि. वि.

सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांबाबतचा २००३ चा कायदा, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, त्याचे कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई करते. त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे वाक्य, जोडलेले आहे. तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक माणसे बसतील असे रेस्टॉरंट आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. यातला हॉटेल आणि रेस्टॉरंटांचा भाग महाराष्ट्रापुरता काढून टाकावा, एवढीच या पत्राची मागणी आहे. विमानतळांचा प्रश्न केंद्राकडे आहे, त्यात आम्ही इथे शिरत नाही.

बंदी हवी की स्वातंत्र्य, या वादात नेहमी दोन गिऱ्हाइके समोरासमोर उभी केली जातात. एकाला सिगारेट ओढायची आहे, दुसऱ्याला धूर सोसत नाही. मग कोणीतरी म्हणते की ज्याला त्रास होतो त्याने दुसऱ्या हॉटेलात जावे. गिऱ्हाइकापुरता हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. पण त्या खोलीतले ॲशट्रे रिकामे करणारा, काचेवरचा पिवळा थर पुसणारा, रात्री बंद करताना सोफे झटकणारा माणूस दुसऱ्या हॉटेलात जाऊ शकत नाही. त्याची पाळी आठ-दहा तासांची असते, महिन्यातून पंचवीस-सव्वीस दिवस. त्याने सिगारेट पेटवलेली नाही आणि धुराला संमतीही दिलेली नाही. नोकरी सोडण्याची मोकळीक म्हणजे संमती असे मानले, तर कारखाने अधिनियमातले धूळ आणि वाफा बाहेर काढण्याविषयीचे कलमही रद्द करावे लागेल. हक्कांचा खरा प्रश्न या माणसाचा आहे आणि परंतुकाने नेमके त्यालाच वगळले आहे.

धूम्रपान करणाऱ्याचा हक्क आम्ही नाकारत नाही. तंबाखू ही कायदेशीर वस्तू आहे. सज्ञान माणसाने आपल्या शरीराचे काय करायचे हे त्याने ठरवावे, आणि त्याच्या घराच्या उंबऱ्याआत सरकारने दंडाचे पावती पुस्तक घेऊन जाऊ नये असे आमचेही मत आहे. बंदीचा आधार ओढणाऱ्याच्या फुफ्फुसांची काळजी हा असता, तर ती बंदी आम्हालाही पटली नसती. तिचा आधार इतकाच आहे की बंद जागेतली हवा वाटून घेता येत नाही.

आपल्या न्यायालयांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ साली सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला. नंतर मुंबईच्या मुरली देवरा यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी अंतरिम आदेश दिला. केवळ सार्वजनिक ठिकाणी जावे लागते म्हणून धूम्रपान न करणाऱ्याने फुफ्फुसाचा कर्करोग किंवा हृदयविकार का ओढवून घ्यावा, असा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काशी तो जोडला. त्या आदेशात रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, सभागृहे, रेल्वे व अन्य वाहने होती. रेस्टॉरंटे नव्हती. ती २००३ च्या कायद्यात आली, पण येतानाच परंतुक घेऊन आली. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी बार, पब, कँटीन, कार्यालये, मॉल यांनाही बंदीच्या कक्षेत आणले. परंतुक मात्र जागच्या जागी राहिले, कारण ते मूळ कायद्यात आहे आणि नियमांनी कायदा बदलता येत नाही.

धुराबद्दल थोडक्यात, कारण इथे आता वादाला जागा उरलेली नाही. बंद खोलीत साचणाऱ्या तंबाखूच्या धुरापैकी बहुतेक, साधारण ८५ टक्के, ओढणाऱ्याच्या तोंडातून आलेला नसतो. तो दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात पेटत्या टोकातून निघतो. टोक त्या वेळी कमी तापमानाला जळते, ज्वलन अपुरे होते, आणि हा धूर फिल्टरमधूनही जात नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरल यांच्या २००६ च्या अहवालाने दुसऱ्याच्या धुरामुळे हृदयविकाराची जोखीम २५ ते ३० टक्के आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाची २० ते ३० टक्के वाढते असे नोंदवले. धूम्रपान करणाऱ्यांना वेगळे बसवून, हवा शुद्ध करून किंवा वायुवीजन वाढवून बंद इमारतीतला धुराचा हा संपर्क नाहीसा करता येत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये ज्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली, त्याच्या अनुच्छेद ८ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात.

तरीही ‘आमची खोली वेगळी आहे, यंत्रणा बसवलेली आहे’ हे उत्तर परवान्याच्या प्रत्येक सुनावणीत ऐकू येते. म्हणून त्या खोलीचा हिशेब सविस्तर मांडतो.

नियमांप्रमाणे या कक्षाला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात. दार आपोआप बंद होणारे हवे आणि एरवी बंदच असायला हवे. आतली हवा थेट इमारतीबाहेर गेली पाहिजे, बाकीच्या हवेत मिसळता कामा नये. खोलीतला दाब उरलेल्या इमारतीपेक्षा कमी, म्हणजे ऋण असला पाहिजे. कक्ष प्रवेशद्वारापाशी किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर असू नये. कागदावर हे चोख आहे.

आता चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोली घेऊ. तिच्यात साधारण ३२ घनमीटर हवा मावते. आत सहा माणसे आहेत आणि प्रत्येक जण तासाला दोन सिगारेटी ओढतो. शुक्रवारच्या रात्रीसाठी हा अंदाज कमीच आहे. एका सिगारेटीतून २.५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण १० ते १४ मिलिग्रॅम हवेत जातात. खालचा आकडा धरला तरी तासाला १२० मिलिग्रॅम झाले. बाहेरच्या हवेसाठी आपले राष्ट्रीय मानक चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. खोलीतले प्रमाण तेवढ्यावर ठेवायचे तर तासाला २,००० घनमीटर हवा बाहेर फेकावी लागेल आणि तेवढीच आत आणावी लागेल. म्हणजे खोलीतली सगळी हवा तासात बासष्ट वेळा बदलली पाहिजे, आणि हेही आत येणारी हवा पूर्ण निर्मळ आहे असे समजून. प्रत्यक्षात अशा खोलीत १५० मिलिमीटरचा एखादा एग्झॉस्ट फॅन बसवलेला असतो. मोकळ्या हवेत तो तासाला अडीचशे ते तीनशे घनमीटर हवा ओढतो. त्याला डक्ट जोडला, जाळीवर चिकट थर बसला की त्याहूनही कमी. तीनशे धरले तरी खोलीतले कण चारशे मायक्रोग्रॅमच्या घरात जातात.

मोठा पंखा लावला तर काय होईल? दोन हजार घनमीटर थंड केलेली हवा दर तासाला बाहेर जाणार. तिच्या जागी येणारी मुंबईची ३३ अंशांची दमट हवा २४ अंशांवर आणायला एका खोलीसाठी सुमारे सात टनांची वातानुकूलन क्षमता लागते. हा खर्च कोणी करत नाही. त्याऐवजी दीड टनाचा स्प्लिट एसी लावला जातो. स्प्लिट एसी बाहेरची हवा मुळीच घेत नाही, आतलीच हवा फिरवत राहतो. त्याची जाळी केस आणि धूळ अडवते. तंबाखूच्या धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा लहान असल्यामुळे ते तिच्यातून सरळ निघून जातात. हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर कण पकडतो, पण कार्बन मोनॉक्साइड आणि बेन्झीनसारखे वायू त्याच्या हाती लागत नाहीत. वास कमी होतो, म्हणून हवा स्वच्छ झाली असे वाटते. हा समज सर्वांत घातक आहे.

खोली कितीही मेहनतीने बांधली तरी ती बिघडते ती ठरावीक ठिकाणी. पहिले ठिकाण फॉल्स सीलिंग. काचेची पार्टिशन सीलिंगच्या पट्टीपर्यंत जाते आणि वर स्लॅबपर्यंतची दीड-दोन फुटांची पोकळी दोन्हीकडे सामाईक राहते. धूर वर चढतो, लाइटच्या फटींतून पोकळीत शिरतो आणि जेवणाच्या दालनात उतरतो. ‘पूर्ण उंचीची भिंत’ म्हणजे स्लॅबपासून स्लॅबपर्यंत, हे तपासणाऱ्याने सीलिंगची एक टाइल उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही. दुसरे ठिकाण स्वयंपाकघर. चुलीवरचा हूड तासाला काही हजार घनमीटर हवा सहज ओढतो आणि अनेक ठिकाणी त्या बदल्यात ताजी हवा आत आणणारा ब्लोअर नसतो किंवा बंद ठेवलेला असतो. मग संपूर्ण इमारतीत सर्वांत कमी दाब स्वयंपाकघरात तयार होतो. स्मोकिंग रूमचा पंखा चालू असूनही तिथली हवा दालनातून भटारखान्याकडे खेचली जाते. सकाळी, चुली बंद असताना केलेल्या तपासणीत ही खोली पास होते. संध्याकाळी सात वाजता तीच खोली नापास ठरली असती.

तिसरे ठिकाण दार. दार आपोआप लावणारा क्लोजर सैल होतो, किंवा ट्रे घेऊन जाताना अडचण होते म्हणून दाराला खुर्ची लावून ठेवली जाते. क्लोजर ठीक असला तरी दार उघडताना आणि माणूस बाहेर येताना त्याच्यामागे धूर ओढला जातोच. चौथे, बाहेर फेकलेला धूर जातो कुठे? पुष्कळदा इमारतीच्या अंतर्गत डक्टमध्ये, म्हणजे वरच्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्यांशी. आणि वीज गेली की जनरेटरवर दिवे आणि फ्रिज चालतात, एग्झॉस्ट फॅन त्या लाइनवर जोडलेला नसतो.

यातले काहीही न मोडलेली एक आदर्श खोली आहे असे समजू. तिने दालनातल्या गिऱ्हाइकाला वाचवले. आत जाणाऱ्या सफाई कामगाराला ती वाचवत नाही. खोली जितकी घट्ट बंद, तितका त्याच्या वाट्याचा धूर दाट. या कक्षात कोणतीही सेवा देऊ नये असे नियम सांगतात. पण साफसफाई ही सेवा कोणी मोजत नाही, आणि ॲशट्रे तर कोणीतरी उचलावेच लागतात. ही खोली सुधारण्यासारखी नाही, ती नसणे हाच उपाय आहे, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

सभागृहाला हा विषय नवा नाही. मुंबई महापालिकेने परिपत्रकाच्या जोरावर हुक्का पार्लरांना आळा घालायचा प्रयत्न केला. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निर्बंध रद्द केले, कारण कायद्याने आणि नियमांनी जे दिले ते महापालिकेला परवान्याच्या अटींतून काढून घेता येत नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि १४ जण गेले. हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे तपासाने बोट दाखवले. त्यानंतर याच सभागृहांनी २०१८ मध्ये कोटपात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली, कलम ४अ घातले आणि हुक्का बारला बंदी केली. शिक्षा एक ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड. राष्ट्रपतींची संमती घेऊन ती अमलात आली. म्हणजे मार्ग माहीत आहे, तो एकदा चालून झालेला आहे. २०१४ चा धडाही तोच : परिपत्रके काढू नका, कायदा बदला. चौदा जणांचे मरण एका रात्रीत घडले म्हणून दिसले. दुसऱ्याच्या धुराने येणारा हृदयविकार एकेकट्या माणसाला, वेगवेगळ्या गावी गाठतो. तो दिसावा म्हणून आणखी एखाद्या आगीची वाट पाहू नये.

केंद्राने २०२० च्या अखेरीस काढलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात आंतरराष्ट्रीय विमानतळ वगळता हे कक्ष बंद करण्याचा प्रस्ताव होता. सार्वजनिक धूम्रपानाचा दंड २०० वरून २,००० रुपये करण्याचाही होता. तो मसुदा कायदा झाला नाही. राज्याने त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

दंडाविषयी आमचे मत मसुद्यापेक्षा वेगळे आहे. बीडी ओढणाऱ्या हमालाला एसटी स्टँडवर दोन हजारांचा दंड म्हणजे त्याची काही दिवसांची मजुरी. आजच्या कायद्यातली विषमता इथेच बोचते. स्टँडवर, रेल्वे फलाटावर बीडी पेटवली तर दंड आणि तीस खुर्च्यांच्या रेस्टॉरंटात सिगारेट पेटवली तर काचेची खोली. बंदीला व्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला म्हणणाऱ्यांनी या भेदाबद्दलही बोलावे. ओढणाऱ्याचा दंड माफक ठेवावा. भार जागेच्या चालकावर टाकावा, कारण हवेवर ताबा त्याचा आहे. सध्या चालकाने तक्रारीवर कारवाई केली नाही तर त्याला जितके गुन्हे तितका दंड होतो. पाच जण ओढताना सापडले तर एक हजार रुपये. एका टेबलाच्या बिलाइतकाही हा आकडा नाही. त्याऐवजी चालकाच्या दंडाचे टप्पे ठेवावेत आणि तिसऱ्या उल्लंघनाची नोंद महापालिकेच्या आरोग्य परवान्याच्या व परमिट रूमच्या एफएल-३ परवान्याच्या नूतनीकरणाशी जोडावी. नूतनीकरण अडले की मालक स्वतः येऊन दार बंद करतो. पोलिसांच्या धाडी आणि कैद यांची इथे गरज नाही.

आक्षेपांपैकी दोनच गंभीर आहेत. एक असा की बाहेर बंदी केली की धूर घरात शिरतो आणि बायकामुलांच्या वाट्याला येतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरात आणि बंद जागेत काम करणाऱ्या ३०.२ टक्के लोकांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता, त्यामुळे ही काळजी खोटी नाही. स्कॉटलंडने मार्च २००६ मध्ये पब-रेस्टॉरंटांसह सर्व बंद सार्वजनिक जागा धूरमुक्त केल्या तेव्हा हेच भाकीत झाले होते. प्रत्यक्षात सुमारे अकरा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या लाळेतील कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ, सरासरी ३९ टक्क्यांनी उतरला. ज्या घरी आई किंवा दोघेही पालक ओढत होते, तिथल्या मुलांना मात्र लक्षणीय फायदा झाला नाही. धूर घरात वाढला नाही, पण जिथे होता तिथे राहिला, आणि तिथे कायद्याचा नव्हे, समजावण्याचा उपाय लागतो. त्याच देशात नऊ रुग्णालयांच्या अभ्यासात तीव्र हृदयविकाराने दाखल होणारे रुग्ण वर्षभरात १७ टक्क्यांनी घटले. इंग्लंडमध्ये, जिथे तेव्हा बंदी नव्हती, घट ४ टक्के होती. इतरत्र घटीचे आकडे लहान आले आहेत, त्यामुळे १७ टक्के हे आश्वासन म्हणून कोणी वापरू नये. दिशा मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली.

दुसरा आक्षेप : महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ त्याच सर्वेक्षणात ३.८ टक्केच होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के, मग खरा शत्रू सोडून हे कशाला? गुटखा आणि मशेरीचे काम मोठे आहे हे मान्य. पण एकाच्या तोंडातला तंबाखू शेजारच्याच्या छातीत उतरत नाही. धूर उतरतो. शिवाय शंभरातले शहाण्णव प्रौढ ओढत नाहीत त्या राज्यात हा नियम पाळून घेणे सर्वांत सोपे आहे.

ओढणाऱ्याने जायचे कुठे, याला उत्तर आहे. उघड्या हवेत सिगारेटपासून दोन मीटरच्या पलीकडे धूर झपाट्याने विरळ होतो आणि ती विझल्यावर काही मिनिटांत नाहीसा होतो. बंद खोलीत तोच धूर तासन् तास राहतो. म्हणून आवारात, दार, खिडकी आणि एसीच्या हवा घेण्याच्या तोंडापासून लांब, छप्पर नसलेल्या जागी वाळूची कुंडी ठेवावी, तिथे कोणी वाढायला जाणार नाही. गच्चीवरच्या रेस्टॉरंटांसाठी व्याख्या नेमकी हवी. पावसाळ्यात ताडपत्री ओढून तीन बाजूंनी प्लास्टिक सोडले की ‘उघडी जागा’ बंद होते, परवान्यावर ती उघडीच राहते. छप्पर तात्पुरते असो वा कायमचे, ते असले की जागा बंद मानावी. सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक प्रत्येक फलकावर मराठीत असावा.

फलकाचे माप नियमांत आहेच : ६० बाय ३० सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, प्रवेशाशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टशी. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव त्यावर लागते, आणि बहुतेक फलकांवर नेमकी तीच ओळ कोरी असते. दंड आकारण्याचा अधिकार राजपत्रित अधिकारी, मुख्याध्यापक, स्टेशन मास्तर, पोस्टमास्तर, रुग्णालयाचे अधीक्षक, खासगी कार्यालयाचे प्रशासन प्रमुख अशा अनेकांना दिला आहे. त्यांपैकी कितीजणांच्या कपाटात पावती पुस्तक आहे, याची यादी प्रत्येक जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाने एका महिन्यात मागवावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत, आज चालू असलेल्या प्रत्येक कक्षाची तपासणी संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, भटारखान्याचा हूड चालू असताना करावी. उदबत्ती पेटवून दाराच्या खालच्या फटीशी धरावी, मग दार वीतभर उघडून वरच्या कोपऱ्याशी. दोन्ही ठिकाणी धूर आत वळला पाहिजे. एकदाही बाहेर वळला तर दाब ऋण नाही आणि तो कक्ष आजच्या नियमांनुसारही बेकायदा आहे. सीलिंगची एक टाइल उचलावी, एग्झॉस्टचे बाहेरचे तोंड स्वतः जाऊन पाहावे, मेन स्विच पाडून पंखा जनरेटरवर चालतो का बघावे. वीस मिनिटे लागतात.

आणि दुरुस्तीचा मजकूर फार मोठा नाही. कलम ४ च्या परंतुकातील हॉटेल व रेस्टॉरंटासंबंधीचे शब्द महाराष्ट्र राज्यास लागू करताना वगळण्यात येतील, आणि अस्तित्वात असलेले सर्व कक्ष अधिनियम अमलात आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत बंद करण्यात येतील. हे विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे, ही विनंती.

आपले,
वायुवीजन, कामगार आरोग्य आणि तंबाखू नियंत्रण कायद्याच्या क्षेत्रांत काम करणारे काही नागरिक